भरतीच्या वेळा आणि मुलांच्या सवयी
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनासाठी तयार केलेले भाषण)



मुलांना लहानपणीच चांगल्या सवयी लावाव्यात, याविषयी कोणाचे दुमत नाही. पहाटे उठावे, दात घासावेत, जेवणापूर्वी हात धुवावेत, रोज पानभर शुद्धलेखन लिहावे, रोज थोडे वाचावे, ही यादी बहुतेक शाळांच्या भिंतींवर आढळते. परिपाठाच्या वेळी ती मुलांकडून म्हणवून घेतली जाते. महिन्या-दोन महिन्यांनी पाहावे, तो काही मुलांच्या अंगी या सवयी मुरलेल्या दिसतात व काहींच्या अंगी त्यांचा मागमूसही नसतो. ज्यांच्या अंगी त्या दिसत नाहीत, त्यांच्या नावापुढे 'घरी वळण नाही' असा शेरा पडतो. शेरा एकदा पडला की तो मुलाला ऐकू येतो, आईबापांच्या कानी जातो आणि पुढच्या इयत्तेच्या शिक्षकापर्यंतही पोहोचतो. 'आपल्याच्याने कोणतीही गोष्ट नेमाने होणार नाही' अशी समजूत नऊ-दहा वर्षांच्या मुलाने करून घेतली, तर ती समजूत हीच त्याची सर्वांत घट्ट सवय होऊन बसते. तेव्हा हा शेरा लिहिण्यापूर्वी तो खरा आहे किंवा नाही, याची शहानिशा करणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरते.

या शहानिशेसाठी मुंबई उपनगरातील खारदांडा या गावाकडे पाहणे उपयोगी पडेल. खारदांडा हे कोळ्यांचे जुने गाव. दक्षिणेस पाली हिलची टेकडी, उत्तरेस जुहूचा किनारा, पूर्वेस खारची दाट वस्ती आणि पश्चिमेस अरबी समुद्र, अशी त्याची मांडणी. आज तेथील प्रत्येक घर मासेमारीवर जगते असे नाही. अनेकांनी नोकऱ्या व इतर व्यवसाय पत्करले आहेत. तथापि ज्या घरांत अजून होडी आणि जाळे आहे, त्या घरांचा दिवस शहराच्या घड्याळावर चालत नाही. तो समुद्राच्या भरती-ओहोटीवर चालतो.

भरतीची वेळ रोज बदलते. चंद्राच्या गतीमुळे ती दररोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. कोकणच्या किनाऱ्यावर यासाठी एक सोपा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. येणारा आकडा ही पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणून तीन वाजता. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणून सहा वाजता. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास भरती दुपारी आणि मध्यरात्री बारा वाजण्याच्या आसपास येते व तिला उधाणाचा जोर असतो. अष्टमीच्या सुमारास पाण्याचा जोर ओसरतो, त्याला भांग म्हणतात. मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यावर डोल नावाचे पिशवीच्या आकाराचे जाळे समुद्रात रोवून बांधले जाते. प्रवाहाबरोबर मासळी त्यात शिरते. साहजिकच उधाणाच्या दिवसांत या जाळ्याला काम अधिक आणि भांगाच्या दिवसांत कमी.

आता अशा घरातील मुलाचा विचार करावा. या आठवड्यात वडील पहाटे तीन वाजता निघतात. पुढल्या आठवड्यात तेच सकाळी आठला निघतील. आई मासळीच्या बाजारासाठी कधी अंधारात घर सोडते, तर कधी दिवस वर आल्यावर. घरातील दिवा कधी विझेल आणि चूल कधी पेटेल, हे शाळेच्या वेळापत्रकावरून ठरत नाही. अशा मुलाला 'रोज पहाटे पाच वाजता उठून अर्धा तास वाचन कर' असे सांगितले, तर ते तो चार दिवस पाळेल. पाचव्या दिवशी भरतीची वेळ सरकलेली असेल आणि त्याच्याबरोबर घरही सरकलेले असेल. नेम मोडला, याचे कारण मुलाचा आळस नव्हे. तो नेम अशा खुंटीला टांगला होता की जी त्या घरात नव्हतीच.

परंतु एवढ्यावरून त्या घरात वळण नाही असे म्हणता येईल काय? मुळीच नाही. होडी किनाऱ्याला लागली की मासळी उतरवायची, तिची प्रतवारी करायची, जाळे खारवटलेले राहू न देता स्वच्छ करायचे, वाळत घालायचे, तुटलेले आस म्हणजे जाळ्याची घरे पाहून ती विणून काढायची, होडीतील पाणी उपसायचे आणि मगच जेवायला बसायचे. ही कामे कोणी घड्याळ पाहून करीत नाही. पण ती चुकतही नाहीत. जाळ्याची फाटकी घरे आज विणली नाहीत, तर उद्याची मासळी त्याच भोकातून निसटते, हे घरातील लहान मूलही जाणते. एक काम संपले की ते पुढच्या कामाची आठवण करून देते. म्हणजे या घरातही शिस्त आहेच. मात्र ती वेळेची नसून क्रमाची आहे.

सवयींच्या बाबतीत शिक्षकाने ध्यानात घेण्याची मुख्य गोष्ट हीच आहे. रोजची लहान सवय टिकते ती घड्याळातील आकड्याला बांधल्यामुळे नव्हे, तर घरात आधीपासून न चुकता घडणाऱ्या एखाद्या कृतीला बांधल्यामुळे. 'पहाटे पाच वाजता वाच' यापेक्षा 'आईने बाजारातून येऊन पाटी खाली ठेवली की एक पान मोठ्याने वाच' ही सूचना कोळ्याच्या घरात अधिक दिवस टिकेल. आई सात वाजता येवो की अकरा वाजता, ती येते खास. आणि तिच्या येण्याबरोबर वाचनाची आठवण येते.

ही केवळ अनुभवाची गोष्ट नाही. शास्त्रीय निरीक्षणाचाही तिला आधार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ व्यक्तींचा एक अभ्यास केला. तो २००९ साली प्रथम प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एक लहानसे नवे काम निवडले व ते रोजच्या ठरावीक प्रसंगाला जोडले. जसे न्याहारीनंतर थोडे चालणे किंवा दुपारच्या जेवणाबरोबर एक फळ खाणे. बारा आठवडे त्यांच्या नोंदी ठेवण्यात आल्या. हे काम विचार न करता आपोआप घडू लागण्यास किती दिवस लागतात, याचा हिशेब काढला तेव्हा मध्यम आकडा ६६ दिवसांचा आला. काहींना १८ दिवस पुरले, तर काहींच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. पेलाभर पाणी पिण्यासारखी साधी कामे लवकर अंगवळणी पडली, व्यायामासारख्या कामांना अधिक अवधी लागला.

या आकड्यांतून शाळेने घेण्याचे बोध तीन आहेत. पहिला असा की, '२१ दिवसांत सवय लागते' ही सर्वत्र सांगितली जाणारी गोष्ट भरवशाची नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन शल्यचिकित्सकाच्या १९६० सालच्या पुस्तकातून ती पसरली. शस्त्रक्रियेनंतर आपल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटण्यास रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे 'निदान' हा शब्द गळाला आणि आकडा तेवढा राहिला. शाळेत एकवीस दिवसांचे अभियान संपले आणि बाविसाव्या दिवशी मुले पूर्ववत् झाली, तर त्यात नवल काहीच नाही. दुसरा बोध असा की, मुलामुलांत फार अंतर असते. एकाला तीन आठवडे पुरतात, दुसऱ्याला सहा महिने लागतात, आणि दुसरा पहिल्यापेक्षा कमी प्रतीचा असतो असे नाही. तिसरा बोध सर्वांत धीर देणारा आहे. एखाद्या दिवशी काम राहून गेले तरी सवय जडण्याच्या वाटचालीत त्यामुळे लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही, असे त्या अभ्यासात दिसले. म्हणजे एक दिवस चुकणे हा अपराध नव्हे. चुकलेल्या दिवसानंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात होते की नाही, एवढेच पाहायचे.

समुद्राकाठच्या लोकांना हे वेगळे सांगावे लागत नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि मासळीच्या विणीचाही तो काळ असतो. होड्या वर ओढून शाकारल्या जातात. म्हणून कोळ्याची समुद्राची सवय मोडली असे कोणी म्हणत नाही. त्या दिवसांत जाळी विणली जातात, होडीची डागडुजी होते, आणि नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून नव्या हंगामाला तोंड दिले जाते. खंड कसा घ्यावा आणि त्यानंतर आरंभ कसा करावा, या दोन्ही गोष्टी त्या जीवनक्रमात बसवलेल्या आहेत. शाळेच्या सवयींत मात्र आरंभाचा थाट असतो, खंडाची तरतूद नसते. सुट्टीनंतर किंवा आजारपणानंतर परतलेल्या मुलाला त्याची मोडलेली सवय कोठून उचलायची हे कोणी दाखवीत नाही. त्याला त्याच्या रिकाम्या चौकटी तेवढ्या दाखविल्या जातात.

रिकाम्या चौकटींचा विषय निघाला म्हणून शाळेतील सवयींच्या तक्त्याविषयी थोडे सविस्तर सांगणे अगत्याचे आहे. बहुतेक ठिकाणी मुलांना एक तक्ता देण्यात येतो. दात घासले, नखे कापली, वाचन केले, अशा रकान्यांत रोज खूण करायची व पालकांची सही आणायची. हेतू चांगला असतो. पण थोड्याच दिवसांत काय घडते हे प्रत्येक शिक्षक जाणून आहे. शनिवारी संध्याकाळी सबंध आठवड्याच्या खुणा एका बैठकीत भरल्या जातात आणि सहीही एकदमच होते. मुलाला सवय लागली, ती तक्ता भरण्याची. वाचनाची सवय लागली नाहीच, शिवाय न केलेले काम केले म्हणून दाखविण्याचा सराव मात्र झाला.

या बाबतीत एक ऐतिहासिक उदाहरण बोलके आहे, आणि त्याचा आरंभ खारदांड्याला लागूनच असलेल्या जुहूच्या किनाऱ्याच्या आगेमागे होतो. १९२४ सालच्या जानेवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात महात्मा गांधींवर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. फेब्रुवारीत त्यांची तुरुंगातून मुक्तता झाली व मार्चपासून ते विश्रांतीसाठी जुहूला येऊन राहिले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, जूनमध्ये अहमदाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीत, काँग्रेसच्या निवडलेल्या प्रतिनिधींनी रोज निदान अर्धा तास सूत कातावे व दरमहा २००० वार सूत पाठवावे, असा ठराव झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बेळगाव येथील अधिवेशनात, ज्याचे अध्यक्ष स्वतः गांधीजी होते, सूत देणे ही काँग्रेसच्या सभासदत्वाची अट ठरली. मात्र ज्याला कातण्याची इच्छा नसेल त्याने दुसऱ्याने कातलेले तेवढेच सूत द्यावे, अशी मुभाही त्यात होती. पुढे १९२५ सालच्या सप्टेंबरात पाटणा येथे ही सक्ती ऐच्छिक करण्यात आली.

रोज अर्धा तास ही मागणी मोठी नव्हती. सांगणारा मनुष्य स्वतः ती पाळणारा होता. त्याची स्वतःची कताई आयुष्याच्या अखेरपर्यंत चालू राहिली. तरीही सक्ती टिकली नाही. याची राजकीय कारणे अनेक होती व त्यांची चर्चा येथे प्रस्तुत नाही. शाळेच्या दृष्टीने त्यातील एकच गोष्ट घेण्यासारखी आहे. सवय मोजण्याचे माप म्हणून तिच्यातून निघणारी वस्तू धरली, आणि ती वस्तू दुसरीकडूनही मिळण्याजोगी असली, की वस्तू जमा होते व सवय मागे राहते. सूत विकत मिळते. अर्धा तास बसण्याने हाताला व मनाला जे वळण लागते ते विकत मिळत नाही. तद्वत तक्त्यावरील खूण कोणालाही करता येते, वाचन मात्र ज्याचे त्यानेच करावे लागते. ज्याने अर्धा तास कातला त्याला त्याचे फळ त्याच ठिकाणी मिळत होते, आणि म्हणूनच गांधीजींची स्वतःची कताई कोणत्याही ठरावाच्या आधारावाचून चालली.

मग नोंद ठेवूच नये काय? ठेवावी, पण ती कोणासाठी ठेवायची, हे ठरवून ठेवावी. याचेही उत्तम उदाहरण खारदांड्याच्या शेजारीच सापडते. गावाच्या दक्षिणेस असलेल्या पाली हिलवर थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचे अनेक वर्षे वास्तव्य होते. त्यांचा जन्म १८९६ सालचा. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, तेव्हा ती कोणत्या जातीची हे विचारण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तेथून त्यांच्या पक्षिअभ्यासाला आरंभ झाला, ही हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे. त्यामानाने पुढची हकीकत कमी सांगितली जाते. जर्मनीतून शिक्षण घेऊन १९३० साली ते परतले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातील त्यांची जागा पैशाच्या अभावी रद्द झालेली होती. हाताला काम नव्हते. अलिबागजवळ किहीम येथे ते कुटुंबासह राहावयास गेले. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. एका शिडीवर आडोसा करून ते तेथे बसत आणि कोणता नर कोणते घरटे विणतो आहे, मादी केव्हा येते, कोणते घरटे पसंत करते, हे दिवसामागून दिवस टिपून ठेवीत.

या साध्या नोंदींतून एक अपूर्व गोष्ट उघड झाली. नर आधी घरटे अर्धवट विणतो. मादी येऊन ते पारखते. तिने पसंत केले तरच तो ते पुरे करतो, आणि मग दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे सुरू करतो. हा निबंध १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला व अभ्यासकांत त्यांचे नाव झाले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला; पुढे डिलन रिप्ली यांच्या सहकार्याने १९६८ ते १९७४ या काळात दहा खंडांचा बृहद्ग्रंथ पुरा झाला. १९८७ साली, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले. पण पाहण्याची आणि टिपून ठेवण्याची सवय अखेरपर्यंत सुटली नाही.

त्यांच्या वहीवर कोणाची सही होत नव्हती, किंवा तिला कोणी गुणही देत नव्हते. वहीत काय लिहायचे, हे समोरच्या झाडावर जे घडले त्यावरून ठरत होते. काल काय दिसले याची नोंद आज काय पाहायचे हे सांगत होती. नोंद ठेवण्याचा खरा उपयोग हाच. 'वाचन केले' या रकान्यात खूण करण्याऐवजी मुलाने आज वाचलेला एक नवा शब्द वहीत लिहिला, तर ती नोंद त्याच्याच उपयोगाची होते. आणि न वाचता ती करता येत नाही. 'अंगणातील झाड पाहिले' अशी खूण करण्याऐवजी पालवी फुटली की कळी आली हे एका ओळीत लिहिले, तर महिन्याच्या शेवटी मुलाच्या हातात त्याने स्वतः मिळविलेले ज्ञान राहते. खारदांड्याच्या मुलाने रोजची तिथी आणि भरतीची वेळ लिहून पाऊणपटीचा हिशेब पडताळून पाहिला, तर पंधरा दिवसांत त्याला पाऊणकी पाठ होईल, चंद्राची गती समजेल, आणि आजोबा समुद्राविषयी जे सांगतात त्यात गणित आहे हेही कळेल. आपल्या घरचे ज्ञान शाळेत चालते, हे ज्या मुलाला कळले, त्याला अभ्यासाला बसवावे लागत नाही.

आता हे सर्व आपापल्या शाळेत कसे आणावे? सगळ्याच शाळा समुद्रकाठी नाहीत. परंतु प्रत्येक गावाला आपापली भरती-ओहोटी असते. भातलावणीच्या दिवसांत सबंध घर शेतात असते. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाची रात्र आणि दिवस वेगळे असतात. पाणी दुरून आणावे लागते तेथे सकाळचा पहिला प्रहर पाण्याचा असतो. यास्तव पुढील गोष्टी विचारात घ्याव्यात.

पहिली गोष्ट, सवय सांगण्यापूर्वी घर विचारावे. 'तुझ्या घरी रोज न चुकता काय घडते?' हा एकच प्रश्न प्रत्येक मुलाला विचारावा. कोणी म्हणेल, आजी तुळशीपाशी दिवा लावते; कोणी म्हणेल, गाईची धार निघते; कोणी म्हणेल, बाबा येऊन हातपाय धुतात. ती त्या मुलाची खुंटी. नवी सवय तेथे अडकवावी. चाळीस मुलांच्या चाळीस खुंट्या वेगळ्या निघाल्या तरी हरकत नाही. सवय एकच असली म्हणजे झाले.

दुसरी गोष्ट, सवय इतकी लहान असावी की वाईटातल्या वाईट दिवशीही ती पार पडावी. अर्धा तास वाचनाऐवजी एक परिच्छेद; दहा गणितांऐवजी एक गणित. ज्या दिवशी घरात पाहुणे आहेत, दिवे गेले आहेत, धाकटे भावंड आजारी आहे, त्या दिवशीही एक परिच्छेद होऊ शकतो. ज्याला अधिक वाचावेसे वाटेल त्याला कोणी अडवीत नाही. पण नेम लहानच असावा.

तिसरी गोष्ट, एका सत्रात एकच सवय घ्यावी. जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंतचा अवधी बहुतेक मुलांना एका लहान सवयीसाठी पुरेसा होतो. दहा सवयींची यादी एकदम दिल्याने दहांतील एकही नीट जडत नाही.

चौथी गोष्ट, जी सवय शाळेतच रुजविता येईल ती घरावर लादू नये. जेवणापूर्वी हात धुण्याची सवय याचे उदाहरण आहे. शाळेत पोषण आहार रोज मिळतो. म्हणजे खुंटी तयारच आहे. ताट हाती येण्याच्या वाटेवरच पाणी आणि साबण ठेवला, तर उपदेशाची गरज उरत नाही. या लहानशा कृतीचे मोल मोठे आहे. कराचीच्या गरीब वस्त्यांत झालेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या कुटुंबांना साबण व हात धुण्याचे नियमित प्रोत्साहन देण्यात आले, त्यांतील १५ वर्षांखालील मुलांमध्ये अतिसाराचे प्रमाण इतरांहून ५३ टक्क्यांनी कमी आढळले. एवढा लाभ साबणाच्या एका वडीने होत असेल, तर ती वडी योग्य जागी आहे की नाही हे रोज पाहणे ही शिक्षकाचीही एक सवय असावयास हवी.

पाचवी गोष्ट, खंडाची तरतूद आधीच करावी. चुकलेल्या दिवसाचा जाब विचारू नये. 'आज पुन्हा सुरू केलेस काय?' एवढेच विचारावे. सुट्टीनंतरचा पहिला दिवस हा मोडलेल्या सवयी पुन्हा उचलण्याचा दिवस म्हणून वर्गात पाळावा. नारळी पौर्णिमेनंतर होड्या जशा पाण्यात उतरतात, तसा तो दिवस मुलांना आनंदाचा वाटावा.

शेवटची गोष्ट स्वतः शिक्षकांसंबंधी आहे. संत गाडगे महाराज गावात जात तेव्हा आधी हाती खराटा घेऊन गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. सकाळी झाडलेला रस्ता लोकांनी पाहिलेला असे, म्हणून रात्रीचे शब्द त्यांच्या मनात उतरत. मुलांना रोज एक परिच्छेद वाचण्यास सांगणाऱ्या शिक्षकाच्या हातात मुलांना रोज एखादे पुस्तक दिसत असेल, तर तेच निम्मे काम करील. शिक्षकाचे दिवसही भरती-ओहोटीचे असतात. बैठका, अहवाल, माहितीचे तक्ते यांत त्याचाही नेम मोडतो. त्यानेही लहान नेम धरावा, तो मोडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धरावा, आणि हे मुलांपासून लपवू नये.

'घरी वळण नाही' हा शेरा लिहिण्यासाठी लेखणी उचलली जाईल, तेव्हा दांड्याच्या किनाऱ्यावरील जाळे आठवावे. ते विणणाऱ्या हातांना वळण असते. शाळेच्या घंटेला ते दिसत नाही इतकेच. ते वळण शोधून काढून त्याला अक्षरांची जोड देणे, हे प्राथमिक शिक्षकाच्या हातचे काम आहे. ते ज्या वर्गात होईल, त्या वर्गातील एकही मूल 'माझ्याच्याने होणार नाही' ही समजूत घेऊन पुढच्या इयत्तेत जाणार नाही.